पाऊस बाहेर, पाणी आत

घराचं छप्पर गळायला लागलं की आपण थेंब पडतो तिथे पातेलं ठेवतो आणि लगेच वर कौलांकडे बघतो. गाडी गळायला लागली की मात्र आपल्याला काय होतं कोण जाणे! आपण दुकानात जाऊन सुगंधी डबी आणतो आणि ती डॅशबोर्डवर चिकटवतो. आमच्या अक्काच्या घरी दोन पावसाळे हेच चाललं होतं.

अक्का बेळगावला राहते. तिच्या दारात मोठा गुलमोहर आहे आणि त्याच्या सावलीत दाजींची गाडी. गाडी त्यांनी कुणाकडून तरी वापरलेली घेतली, तेव्हाच ती नऊ वर्षांची होती. इंजिन ठणठणीत, रंग बरा, आत मात्र पावसाळा लागला की कुबट वास यायचा. बंद ट्रंकेतल्या ओल्या गोणपाटासारखा. मोठ्यांना तो सवयीने जाणवेनासा झाला होता. माझा भाचा आठ वर्षांचा. त्याला लहानपणापासून दम्याचा त्रास, दप्तरात पंप असतो. तो गाडीत बसला की पाच मिनिटांत खोकायला लागे आणि काच खाली करा म्हणून मागे लागे. बाहेर धो धो पाऊस. काच खाली केली की पोरगं भिजणार, नाही केली की खोकणार!

डॉक्टरांनी अक्काला विचारलं होतं, “घरात कुठे ओल आहे का? बुरशी?” झालं. अक्काने घराच्या भिंती खरवडून रंग काढून घेतला, गाद्या उन्हात घातल्या, पडदे बदलले. गाडीचं कुणाच्या ध्यानीमनी नाही. घर म्हणजे चार भिंती असंच आपण धरून चालतो. पण जो मुलगा रोज चाळीस मिनिटं गाडीत बसून शाळेला जातो-येतो, त्याच्यासाठी गाडी हीही घरातली एक खोलीच झाली की.

गाडीत पाणी येतं हे दाजींना अगदीच ठाऊक नव्हतं असं नाही. पायाखालची जाजमं ओली लागत. एका मिस्त्रीने डाव्या दाराचं रबर बदलून दिलं. दुसऱ्याने पुढच्या काचेभोवती सिलिकॉनची जाड रेघ ओढली, ती वाकडीतिकडी रेघ अजून दिसते. तिसऱ्याने बोनेटखाली बघून मान हलवली आणि एसीचा गॅस भरला! रोग रेड्याला आणि औषध पखालीला. सगळे मिळून साडेचार हजार रुपये गेले आणि वास तसाच.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मी चार दिवस अक्काकडे गेले, तेव्हा पुढे डावीकडे बसले होते. टाच जरा दाबली तर जाजमाखालून पाणी वर आलं. मी दाजींना म्हटलं, “अहो दाजी, तुमच्या गाडीत विहीर लागलीय.” ते म्हणाले, “मेव्हणीबाई, आता काळजी नको. गिऱ्हाईक आलंय. दिवाळीच्या आत देऊन टाकतो. दोन दिवस ऊन पडलं की वास जातो, तेव्हा दाखवायची.”

अक्का स्वयंपाकघरातून बाहेर आली. हातात पोळपाट तसाच. “कुणाला देताय? त्या कारकुनांनाच ना? त्यांच्याकडे तान्हं मूल आहे.” एवढंच बोलली आणि परत आत गेली. दाजी गप्प बसले. नंतर मलाच म्हणाले, “नळी आणू का?”

या सदरात मी नेहमी सांगते की दुरुस्तीच्या आधी चौकशी. गाडीत आलेलं पाणी तीन जातींचं असतं, आणि ती जात ओळखली की निम्मं काम झालं. एसी लावल्यावरच येणारं, स्वच्छ, बिनवासाचं पाणी हे एसीचंच. आत थंड होणाऱ्या जाळीवर हवेतलं बाष्प साठतं आणि त्याचं पाणी एका बारीक नळीतून गाडीखाली ठिबकतं. उन्हाळ्यात उभ्या गाडीखाली ओला डाग दिसतो तो हाच, आणि तो दिसायलाच हवा. नळी कचऱ्याने बुजली की तेच पाणी आत, बहुतेक डाव्या पायापाशी उतरतं. नळी मोकळी केली की झालं. दुसरी जात जरा काळजीची. पाणी चिकट, रंगीत, गोडसर वासाचं असेल, पुढच्या काचेला आतून तेलकट धुरकटपणा येत असेल आणि बोनेटखालच्या टाकीतलं कुलंट कमी होत असेल, तर गाडीच्या हीटरची जाळी गळतेय. हे विषारी असतं. मुलांना आणि घरातल्या कुत्र्या-मांजरांना त्यापासून दूर ठेवा, चव वगैरे बघायला जाऊ नका, आणि गाडी सरळ गॅरेजला न्या. घरी करण्याचं ते काम नव्हे.

तिसरी जात पावसाची. बेळगावच्या त्या थंड हवेत ऑगस्टमध्ये एसी कोण लावतो? कुलंटची पातळी जागेवर होती. पाण्याला मातीचा आणि कुजक्या पानांचा वास होता. म्हणजे पाऊसच.

आता यातली खरी गोम. पाणी दिसतं तिथून ते आलेलं नसतं. पत्र्याच्या आतल्या कडेने, वायरींच्या जुडग्यावरून, कापडाखालून ते फूट-दोन फूट प्रवास करतं आणि सखल जागा मिळाली की साठतं. गाडी उतारावर उभी असेल तर पुढचं पाणी मागच्या सीटखालीही सापडतं. म्हणून नुसत्या ओल्या जागेवर उपाय करणं म्हणजे दिवाणखान्यात ओल आली म्हणून दिवाणखाना रंगवणं.

आम्ही आधी जाजमं काढली, खालचा गालिचा कडेने उचलला आणि दिसेल तेवढं पाणी फडक्यांनी टिपून घेतलं. तळावर वर्तमानपत्रं पसरली. कोरड्या कागदावर थेंब पडला की ताबडतोब कळतं. दाजी टॉर्च घेऊन आत आडवे झाले, डोकं पायांच्या जागी आणि पाय सीटवर! दारं-खिडक्या बंद. बाहेर नळी धरायचा मान भाच्याला. एक नियम त्याला घोकून घेतला: खालून वर. आधी दाराचा खालचा भाग, मग खिडकी, मग पुढच्या काचेचा पायथा, सगळ्यात शेवटी टप. एकेका जागी दहा-दहा मिनिटं, आणि पाणी साधं, पावसासारखं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि काहीच कळत नाही. धुण्याच्या सेंटरवरचा जोराचा फवारा तर नकोच. तो चांगल्या रबरातूनही पाणी आत घालतो आणि नसलेली गळती दाखवतो.

पुढचं डावं दार कोरडं निघालं. म्हणजे ते नवं रबर उगाचच बसवलं होतं. खिडकी कोरडी. काचेच्या पायथ्याशी, वायपरच्या खाली काळी प्लास्टिकची जाळी असते तिथे नळी धरली. चार मिनिटं काही नाही. सहाव्या मिनिटाला आतून दाजींचा आवाज आला, “आलं! आलं! थांब रे, कानात आलं!”

त्या जाळीखाली आडवी पन्हळ असते. काचेवरचं सगळं पाणी तिच्यात पडतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून चाकामागे निघून जातं. याच पन्हळीत गाडीत ताजी हवा घेणाऱ्या ब्लोअरचं तोंड असतं, त्याला थोडा उंच काठ. आपल्या गच्चीवर असतं तसंच आहे हे. गच्चीचं भोक पानांनी बुजलं की पाणी चढतं आणि जिन्याचा उंबरा ओलांडून घरात येतं. उंबरा फुटलेला नसतो, गच्ची फुटलेली नसते, नुसतं भोक बुजलेलं असतं. ब्लोअर बहुतेक गाड्यांत डावीकडे, म्हणून पाणी शेजारी बसणाऱ्याच्या पायाशी. गाडी चालवणाऱ्याचे पाय कोरडे, त्यामुळे त्याला पत्ताही नसतो.

वायपरचे दांडे काढून, क्लिपा हलक्या हाताने सोडवून जाळी उचलली. गुलमोहराची पानं किती बारीक असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. मे महिन्यातल्या पाकळ्या, मग ती पानं, वर धूळ, असे तीन वर्षांचे थर बसून त्याचं चक्क खत झालं होतं. त्यात एक रोप उगवलेलं! भाच्याने ते कुंडीत लावायचं ठरवलं. डावीकडचं भोक सापडेना, तेव्हा जुन्या टूथब्रशने उकरलं. आणि मग गळकन आवाज करून साठलेलं सगळं पाणी चाकामागून खाली पडलं. साडेचार हजारांचं दुखणं टूथब्रशने बरं झालं. बाहेरची हवा येते त्या वाटेवर केबिन फिल्टर होता. तो काढला तर काळाकुट्ट आणि लिबलिबीत. पोराच्या नाकात दोन वर्षं हवा जात होती ती याच्यातून. अक्काने तो हातात घेऊन बघितला आणि काही न बोलता कचऱ्यात टाकला.

एवढ्यावर मी विजयी मुद्रेने चहा घेतला. तिसऱ्या दिवशी रात्रभर पाऊस झाला आणि सकाळी मागच्या डाव्या दाराशी वर्तमानपत्र ओलं! पुढचं कोरडं ठक्क. म्हणजे गळत्या दोन होत्या. असं पुष्कळदा असतं. एक सापडली की माणूस शोध थांबवतो, आणि मग दुरुस्ती फसली असं म्हणतो.

दाराचं गणित जरा वेगळं आहे आणि ते फार थोड्या लोकांना माहीत असतं. खिडकीच्या काचेला बाहेरून रबराची पट्टी असते, ती बरंचसं पाणी अडवते, सगळं नाही. उरलेलं दाराच्या पोटात जातं. तसं ते जाणारच, हे गाडी बनवणाऱ्यांनी धरलेलंच असतं. दाराच्या तळाला दोन-तीन भोकं ठेवलेली असतात, त्यातून ते रस्त्यावर पडतं. दार उघडताना आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला तर ती भोकं चिखलाने बुजली आहेत असं समजा आणि काडीने मोकळी करा. दाराचं पोट आणि आपण बसतो ती जागा, यांच्यामध्ये आतल्या पॅडच्या मागे एक प्लास्टिकचा कागद काळ्या चिकट लगद्याने सगळीकडून चिकटवलेला असतो. तो कागद म्हणजे या दाराची खरी भिंत. पॅडच्या आतलं सगळं कोरडं राहतं ते त्याच्या जिवावर.

आता आपल्याकडे काय होतं? नवे स्पीकर बसवायचे, रिमोटचं लॉक लावायचं, खिडकी वर करायची यंत्रणा दुरुस्त करायची. कारागीर पॅड काढतो, कागद टरकावतो, काम करतो आणि कागद तसाच लोंबता ठेवून पॅड ठोकून देतो. वरून सगळं छान. अक्काच्या गाडीत आधीच्या मालकाने मागे दणदणीत स्पीकर बसवले होते, आणि कागदाला स्पीकरच्या आकाराचा मोठा गोल. आम्ही जाड प्लास्टिक कापून नवा कागद केला आणि ब्यूटिल टेपने चिकटवला. ही टेप वाळत नाही, पुन्हा उचलता येते, आणि नेमकी याच कामाची आहे. एकच काळजी घ्यायची. कागदाची खालची कड दाराच्या आत वळलेली हवी, म्हणजे ओघळ आत पडतो. बाहेर ठेवली तर सगळी मेहनत पाण्यात. अक्षरशः! यापुढे तुम्ही गाडीत स्पीकर बसवून घ्याल तेव्हा कारागिराशेजारी उभे राहा आणि कागद परत चिकटवून घेतल्याशिवाय पॅड लावू देऊ नका.

गळती थांबली तरी ओल जात नाही, आणि मुलाचा खोकला ओलीने होता. गालिच्याच्या खाली जाड नमदा किंवा स्पंज असतो. वरचा गालिचा हाताला कोरडा लागतो तेव्हाही खालचा नमदा पाणी धरून असतो. आमच्या गाडीतून पिळून अर्धी बादली पाणी निघालं. हे वाळवायचं तर सीट काढून गालिचा बाहेरच काढावा लागतो. उन्हात आणि पंख्याखाली मिळून आमचे पाच दिवस गेले. नमद्याला काळे ठिपके पडलेले असतील तर तो वाळवत बसू नका, टाकून द्या आणि नवा कापून घाला. बुरशीचं काम करताना तोंडाला रुमाल किंवा मास्क बांधा आणि दमेकरी माणसाला तिथे थांबू देऊ नका. भाच्याला आम्ही दोन दिवस काकाकडे पाठवलं. त्यामुळे तो रागावला, तो भाग वेगळा.

सीट काढण्याबद्दल मात्र एक सांगणं. हल्लीच्या गाड्यांत सीटखालून सीट-बेल्टच्या आणि एअरबॅगच्या वायरी जातात. एअरबॅगचे जोड बहुधा पिवळ्या रंगाचे असतात. त्यांना घरी हात लावायचा नाही. बॅटरीचा दांडा आधी काढून, थोडा वेळ थांबून, माहीतगार माणसाकडूनच ते सोडवून घ्यायचे. गालिच्याखालीही वायरींचे जोड असतात, काही गाड्यांत कंट्रोलचे डबेसुद्धा. दाजींच्या गाडीचं कुलूप मध्येच आपोआप टकटक वाजे, भूत असल्यासारखं. ते भूत एका ओल्या, हिरवट गंज चढलेल्या जोडात निघालं.

आणि मग पत्रा. तळावर आवाज कमी करण्यासाठी डांबरी थर असतो. तो एके ठिकाणी फुगला होता. डेंटरने पेचकस टेकवला आणि तो सरळ आरपार गेला, खालची फरशी दिसली. रुपयाएवढी जागा. खरवडून, पट्टी जोडून, प्रायमर आणि वरून रंग, यातच सगळ्यात जास्त पैसे लागले. दोन वर्षांपूर्वी टूथब्रश चालवला असता तर ते वाचले असते, हे दाजींना मी सांगितलं नाही. अक्काने सांगितलं.

सिलिकॉनबद्दल माझं मत कडक आहे. हार्डवेअरच्या दुकानात मिळतं ते, ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते गाडीच्या पत्र्याला लावू नये. त्यातलं आम्ल गंज चढवतं, आणि एकदा ते लागलं की त्या जागी पुढे रंगही धरत नाही. पत्र्याच्या जोडांसाठी वेगळं सीलर मिळतं. पुढची काच फुटून बदललेली असेल आणि तिच्या कडेने पाणी येत असेल तर बाहेरून लेप लावून भागत नाही. काच सोडवून, खालचा गंज साफ करून ती पुन्हा नीट बसवून घ्यावी लागते. ज्याने बसवली त्याच्याकडून तो हक्काने मागा.

तुमच्या गाडीचं दुखणं आमच्यासारखंच असेल असं नाही. डिकीत स्टेपनी ठेवतात त्या खड्ड्यात पाणी साठत असेल तर मागच्या दिव्यांच्या रबरी पट्ट्या, डिकीचं रबर आणि टपावरच्या अँटेनाचं बूड बघा. टपावर कॅरियर बसवला असेल तर त्याची भोकं. वर उघडणारं काचेचं छप्पर आता पुष्कळ गाड्यांना असतं. ते पाणी पूर्ण अडवत नाही, भोवतीच्या पन्हळीत घेतं आणि बारीक नळ्यांनी खाली सोडतं. त्या नळ्या बुजल्या की आतल्या छताचं कापड ओलं होतं. तिथे तार खुपसू नका, कॉम्प्रेसरची जोराची हवाही मारू नका. नळी सांध्यातून निसटली तर सगळं पाणी आतल्या आत. मऊ नायलॉनची जाड दोरी हळूच सरकवून बघावी. आणि हॉर्न किंवा जादा दिव्यांसाठी कुणी वायर आत ओढली असेल तर इंजिनच्या भिंतीतलं रबरी बूच कापलेलं आहे का तेही पाहा.

पुराचं पाणी ही मात्र निराळी गोष्ट. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मुंबईत, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीच्या महापुरात, अनेक गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाडीची किल्ली फिरवायची नाही. इंजिनात पाणी असताना ते सुरू करायला जाणं म्हणजे इंजिन मोडणं. ओढून न्या, आणि विमा कंपनीला त्याआधी कळवा. पुरातल्या गाड्या पुसूनपासून पुन्हा बाजारातही येतात. जुनी गाडी घेताना सीट-बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, त्याच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. स्टेपनी उचला, गालिच्याची कड उचला. विकणारा “कशाला, सगळं ओके आहे” म्हणाला तर दोन्ही कडा उचला.

ते कारकून गृहस्थ ठरल्याप्रमाणे रविवारी आले, तेव्हा गाडी अंगणात सीटविना उभी होती आणि गालिचा दोरीवर वाळत होता. दाजींनी त्यांना तळ दाखवला, पट्टी जोडलेली जागाही दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले, चहा घेतला, आणि दोन दिवसांनी निरोप पाठवला की सध्या नको. गाडी अजून अक्काकडेच आहे.

भाच्याचा दमा गेला असं मी म्हणणार नाही, पंप अजून दप्तरात असतो. पण या जूनमध्ये मी गेले तेव्हा शाळेपर्यंत काच बंद ठेवून तो बडबडत होता. गाडी उभी करायला दुसरी जागा नाही, म्हणून ती गुलमोहराखालीच असते. दर रविवारी जाळीखालची पन्हळ साफ करायचं काम त्याच्याकडे आहे. त्यासाठी त्याला वेगळा टूथब्रश दिलाय, आणि मागच्या महिन्यात दाजींनी चुकून त्यानेच दात घासले.